टोकन दिसून नाही राह्यलं!

मंडळी, ई-टेंडरची मुदत संपत आली की आमच्या वरूडहून हमखास फोन येतो. "भाऊ, टोकन दिसून नाही राह्यलं ब्राउझरमंधी!" आणि मी काही सांगायच्या आत टोकन अन् पिन दोन्ही कॉम्प्युटरवाल्या पोराच्या हातात गेलेले असतात. काही जण तर पिन टोकनवरच चिकटवून ठेवतात. म्हणून हा खटाटोप.

डिजिटल सहीची खासगी की टोकनच्या चिपमध्येच राहते. कागदपत्राचा हॅश आत जातो, सही बाहेर येते. पण ब्राउझर या चिपशी थेट बोलत नाही. आधी जावा ॲपलेट मधे असायचं. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्याचा आधार काढला. आता बहुतेक ठिकाणी लॅपटॉपवर सहीचा छोटा प्रोग्रॅम चालू लागतो.

म्हणून बिघाड खालून वर शोधायचा. टोकनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट दिसतं का? नसेल तर ड्रायव्हर किंवा पोर्ट बघा. तिथे दिसतं, पण विंडोजच्या यादीत नाही? मग ड्रायव्हर पुन्हा टाका. तिथेही आहे? मग सहीचा प्रोग्रॅम बंद असेल.

आता एलिप्टिक कर्व्हची गंमत. १९८५ साली कॉब्लिट्झ आणि मिलर यांनी स्वतंत्रपणे सुचवलेलं हे गणित. यातली २५६ बिटांची की साधारण ३०७२ बिटांच्या आरएसएइतकी भक्कम. पण विंडोजची जुनी सीएसपी पद्धत ही की हाताळत नाही, त्यासाठी सीएनजी लागतं. (गॅसवालं नव्हे!) टोकन नव्या पद्धतीचं आणि सहीचा प्रोग्रॅम जुन्या, असं झालं की सर्टिफिकेट दिसूनही सही अडते. गणित बरोबर, मधला दुभाषा कच्चा.

असो. मुद्दा असा की बिघाड कुठे आहे हे कळत नाही, म्हणून माणूस घाबरून पिन देऊन टाकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ म्हणतं, खासगी की ताब्यात ठेवणं ही सर्टिफिकेटधारकाची जबाबदारी. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला कळवेपर्यंत भार त्याच्यावरच. उद्या भलत्याच कागदावर तुमची सही निघाली, तर "पोरानं केली" म्हणून सुटका नाही.

तेव्हा पोराला शेजारी बसवा, चहा पाजा, ड्रायव्हर त्याला टाकू द्या. पिन मात्र तुम्हीच टाका.