अकोल्यातली शेवटची चढाई

कॉलेजांमधल्या कबड्डीचा अंतिम सामना अकोल्यात होता, तरी मी आदल्या रात्री मुक्काम केला तो अमरावतीत. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ न पाहता वऱ्हाडातली कबड्डी पाहायला जाणं म्हणजे आळंदी टाळून पंढरी गाठणं. वैद्य बंधूंनी 1914 साली लावलेलं हे रोपटं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला मंडळाचं पथक गेलं आणि तिथं त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. सकाळी सहाला गेलो तर एरंडेल चोपडलेल्या मल्लखांबावर आठ-नऊ वर्षांची पोरं सरसर चढत होती. एकाला खाली उतरायचंच नव्हतं. शेवटी सरांनी नुसतं डोळे वटारून पाहिलं, तेव्हा स्वारी जमिनीवर आली.

गिलावडा खाऊन अकोल्याची एसटी धरली. बडनेरा मागे पडलं की रस्ता असा गुळगुळीत होतो की कंडक्टरलाही उभ्याउभ्या हिशेब लिहिता येतो. 2022 च्या जून महिन्यात लोणी ते माना या पट्ट्यात एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. त्याआधी याच रस्त्याने ज्यांनी कंबर मोडून घेतली, त्यांना या विक्रमाचं मोल जास्त कळतं.

दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी. शेजारी पांढरा पायजमा घातलेले एक काका होते.

“कुठी चाल्ले जी?”

“अकोल्याले. कबड्डी पाहाले.”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. पँट गुडघ्यापर्यंत वर करावी तसा पायजमा वर ओढून त्यांनी नडगीवरचा जुना वण दाखवला. “आमच्या टायमाले आधी ग्राउंडातले गोटे वेचा लागे, मंग खेळ. आता गाद्या आल्या न बावा.” काका मूर्तिजापूरला उतरले. गाडगेबाबांच्या या गावात बस दहा मिनिटं थांबते, चहा मात्र पाच मिनिटांतच थंड होतो.

गाडगेबाबांचंच नाव लावणारं अमरावती विद्यापीठ 1983 चं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम अशा पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्या पंखाखाली येतात. अंतिम सामन्यातला एक संघ अमरावती शहरातला होता, निळ्या जर्सीतला. दुसरा पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला, तालुक्याच्या गावचा, पिवळा. विहिरीचं पाणी जिथं खारट, तिथली ही पोरं दिसायला काटक आणि बोलायला कमी. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलचा रोज बोल 1902 साली सुरू झाला आणि आज तो पाहायला नव्वद हजारांच्या घरात माणूस येतो. अकोल्याच्या त्या मैदानावर दोरीपलीकडे चारपाचशे लोक असतील, पण आवाजात कुठं कमी पडत नव्हते.

पहिल्या वीस मिनिटांत पिवळे नुसते घसरत होते. 13 बाय 10 मीटरचं मॅट, आणि त्यांच्यातल्या दोघांचे बूट तळ घासून गुळगुळीत झालेले. डावा कोपरा पकडीला झेपावला की पाय भलतीकडे आणि तो भलतीकडे. निळ्यांनी एक लोण चढवला आणि मध्यंतराला 18-11 केले. मला वाटलं, संपलं. शेजारचा एक जण म्हणाला, “थांबा न जी, अजून त्याईचे पाय बसाचे हायेत.”

पाय खरंच बसले. उत्तरार्धात पिवळ्यांनी लोणाची परतफेड केली. मग तिघंच उरले असताना निळ्यांच्या मुख्य चढाईपटूला त्यांनी मांडीला धरून असा उचलला की त्याचे हात मध्यरेषेकडे नुसते हवेत वळवळत राहिले. तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड दोन गुणांची, हे दोरीवरच्या आजोबांनाही पाठ होतं. पंचांनी दोन बोटं वर करायच्या आधीच मैदान ओरडलं.

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा गुणफलकावर 30-30. पिवळ्यांची चढाई रिकामी गेली. आता निळ्यांची, सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा. गडी आत शिरला, उजव्या कोपऱ्याने घोटा धरला. पक्का धरला होता. माझ्यापासून दहा फुटांवर पाहिलंय. पण ओढ घ्यायला त्याने टाच रोवली आणि टाच वीतभर सरकली. तेवढ्यात चढाईपटूची बोटं रेषेला लागली. 31-30. शिट्टी.

निळ्यांच्या विजयात खोट काढायचं कारण नाही. शेवटच्या क्षणी अंग लांबवून रेषा गाठणं हे रोजच्या सरावाशिवाय येत नाही. पण तो सराव ते मॅटवर करतात, आणि पिवळे कॉलेजमागच्या काळ्या मातीत. पावसाळ्यात ती माती पायाला धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे वर्षातले मोजकेच महिने खेळायला. मॅटची भेट फक्त स्पर्धेत. त्यांच्या प्रशिक्षकांना विचारलं तर ते बूट दाखवत म्हणाले, “दोन जोड्या नव्या आणल्या, त्या दोन चढाईवाल्याईले देल्ल्या. कोपऱ्यावाल्याचा नंबर पुढच्या वर्षी.”

माझं मत सरळ आहे. एका गुणाने हरलेला हा संघ कमी नव्हता, त्याची फक्त पायाखालची जमीन उसनी होती. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही शिकला असाल, तर माजी विद्यार्थ्यांच्या पुढच्या मेळाव्यात मंडप आणि जेवणावळीचा खर्च थोडा आवरा. त्या पैशांतून पोरांना मॅट घेऊन द्या, आणि कोपऱ्यावर खेळणाऱ्यांना आधी बूट.