जनीच्या चालीने

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही पहिली आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही दुसरी. पहिली म्हण येथे बदली होऊन आलेल्या एखाद्या त्रासलेल्या साहेबाने रचली असावी. दुसरी मात्र खात्रीने आमचीच. आम्ही राहतो ते गाव या दोन म्हणींच्या दरम्यान कुठे तरी आहे. बँड म्हटला की येथे वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो: मळके जरीचे कोट, घामाने निथळणारा वाजंत्री आणि नवरदेवाच्या मित्रांनी नाचून नाचून टाळवलेला मुहूर्त. म्हणून २०२४ च्या जानेवारीत माझ्या वर्गातली पाच मुले माझ्यापुढे उभी राहून ‘सर, आम्ही बँड काढलाय’ असे म्हणाली, तेव्हा मी अगदी सरळ मनाने विचारले, “बरे झाले. लग्नसराईत किती सुटतात?”

मुले हसली. त्यांचा बँड ‘रॉक’ होता. एक गाणारा, एक गिटारवाला, एक बेस गिटारवाला, एक ड्रमवाला, आणि पाचवा आपल्या आजोबांचा पखवाज घेऊन आलेला. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांना वीस मिनिटे हवी होती. ते गाणार होते जनाबाई.

मी मराठीचा प्राध्यापक. संत कवयित्री शिकवता शिकवता माझे केस पांढरे होऊ लागले आहेत. जनाबाईच्या अभंगावर विजेची गिटार वाजणार, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा आला. मी मुलांना पंधरा मिनिटे व्याख्यान दिले, आधी तिला समजून घ्या म्हणून बजावले, आणि समितीच्या बैठकीत त्यांचे नाव लाल शाईने खोडून टाकले. जाता जाता तो गाणारा मुलगा एवढेच म्हणाला, “वर्गात ती सहा मार्कांची असते, सर.” बोलण्यात उर्मटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

पुढे फेब्रुवारी-मार्चात या मुलांनी जिल्ह्यात सहा कार्यक्रम केले. जिंतूर, पाथरी, मानवत, सेलू, गंगाखेड आणि शेवटी परभणी. कुठे जत्रा, कुठे मंगल कार्यालयाचे आवार, तर एके ठिकाणी चक्क खताच्या दुकानाचे उद्घाटन. ‘छोटा हत्ती’ टेम्पोत भाड्याचे स्पीकर, त्यांवर ड्रम आणि ड्रमवर ही मुले, अशी ती स्वारी निघे. गावात कोणी भेटले की मला ही बातमी सांगे आणि मी ‘असे का!’ म्हणून विषय बदली.

पण दैव मोठे खट्याळ असते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त सेलूला माझे व्याख्यान होते. विषय ‘संत कवयित्रींची भाषा’. श्रोते बावीस, त्यांत आयोजक, माइकवाला आणि माझ्याच भावकीतले दोघे धरलेले. व्याख्यान संपवून स्टेशनवर आलो, तर परतीची गाडी दीड तास उशिरा. पलीकडच्या मैदानातून ढोलासारखे काही तरी धडधडत होते. मफलर कानाला गुंडाळून मी गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ओळख पटू नये, हा मफलरचा दुसरा उपयोग.

चार-पाचशे माणसे असतील. पोरे तर होतीच. पण नेसत्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेल्या बायाही होत्या, कडेवर मुले घेतलेले बाप होते. आणि ही माणसे गात होती! माझ्या वर्गात दोन दोन वर्षे पुस्तक उघडून बसूनही ज्यांना ओळ सापडत नाही, त्यांचेच भाऊबंद पुस्तकावाचून जनाबाई म्हणत होते. परतीच्या गाडीत मी स्वतःला समजावले की ही नुसती हुल्लड आहे. पण मनात जे ठसठसत होते त्याला मराठीत मत्सर म्हणतात, हे मराठीच्या प्राध्यापकाला कोणी सांगायला नको.

त्यानंतर मी थोडे वाचन केले. आम्हा मास्तर मंडळींना पराभव झाला की ग्रंथालय आठवते. आधी आठवली ती आपली पेटी. हार्मोनियम ही फिरंगी. आकाशवाणीने तिला १९४० ते १९७१ अशी तीस वर्षे उंबऱ्याबाहेर ठेवले होते. आणि आज पेटीवाचून भजनी मंडळ बसते का? मग गिटारनेच काय घोडे मारले? संतांचे अभंग गिटार-ड्रमवर गाणारा ‘अभंग रिपोस्ट’ नावाचा मुंबईचा बँड तर केव्हाच नावारूपाला आला आहे. आमची पोरे काही जगावेगळे करीत नव्हती.

दुसरी गोष्ट मला अधिक नवी होती. रॉक संगीताचे मूळ शोधत गेले की आपण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत जाऊन पोचतो. तेथे आधी गुलाम म्हणून आणि पुढे शेतमजूर म्हणून राबणारी काळी माणसे काम करता करता गात. त्या श्रमाच्या गाण्यांतून ‘ब्लूज’ निघाले आणि ब्लूजमधून रॉक. मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात राबणारा गडी. त्याचे गाणे तेथे १९४१ साली प्रथम ध्वनिमुद्रित झाले. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची घेतली. लंडनच्या ज्या पोरांनी १९६२ साली ‘रोलिंग स्टोन्स’ हा बँड काढला, त्यांनी नाव घेतले ते या गड्याच्याच एका गाण्यावरून.

आमचाही मुलूख कापसाचा. आणि जनाबाई कोण? गंगाखेडला जन्मलेली, लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी पोचवलेली, जन्मभर तेथे दळणकांडण आणि शेणगोठा करणारी दासी. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगतात. प्रत्यक्ष विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जाते ओढतो, ही कथा मी वर्गात ‘भक्तीतील सख्यभाव’ या मथळ्याखाली शिकवीत आलो. दळणाऱ्या बाईचा हात दुखतो, आणि जात्याचा खुंटा धरायला दुसरे माणूस लागते, ही साधी गोष्ट त्या मथळ्याखाली दबून गेली होती.

एवढे झाले तरी त्या मुलांच्या गाण्यात मला काही तरी खुपत होते. ते काय, हे सांगता येईना. गंगाखेडचा कार्यक्रम मार्चच्या पहिल्या आठवड्यात होता. आईला जनाबाईच्या मंदिरात दर्शनाला जायचे होते, तेव्हा मीही तेच निमित्त केले. परळीच्या गाडीने गेलो. दर्शन झाले, गोदावरीच्या घाटावर थोडे बसलो, आणि दिवेलागणीला मी आईला म्हणालो, “मुलांचे गाणे आहे, ऐकायचे का?”

आई बहात्तर वर्षांची. तिचे माहेर-सासर दोन्ही याच जिल्ह्यातले. हा जोंधळ्याचा मुलूख. ज्वारीच्या एका वाणाचे नावच ‘परभणी मोती’. गावात गिरणी येण्यापूर्वी आईने पहाटे उठून घरच्या बारा माणसांचे दळण दळलेले आहे. आता आमचे जाते जिन्याखाली असते आणि घरच्या लग्नात हळद दळण्यापुरते बाहेर निघते.

मंडपवाल्याने तिला पुढे प्लास्टिकची खुर्ची दिली. स्पीकर समोरच. पहिला ठोका पडला तेव्हा मी घाबरून तिच्याकडे पाहिले. ती स्वस्थ होती. दुसऱ्या अभंगाला तिची उजवी मूठ मांडीवर गोल फिरू लागली. मग ती मूठ थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा थांबली.

कार्यक्रम संपल्यावर मुलांनी मला पाहिले आणि ती जरा बावरली. आईच्या मात्र ती पाया पडली. गाणाऱ्याने भीत भीत विचारले, “कसं वाटलं, आजी?”

“गळा गोड हाय रे बाबा,” आई म्हणाली. “पण किती घाई करायलास! या चालीनं दळाय बसली, तर जनी पायलीभरातच दमून जाईल. दळणारीला लई वेळ बसायचं असतंय. दम पुरला पाहिजे.”

कोणी काही बोलेना. मला खुपत होते ते हेच होते. दोष गिटारचा नव्हता, विजेचाही नव्हता. माझी दोन पदव्यांची विद्या त्या वाद्यापाशीच अडून बसली होती, आणि आईच्या मुठीला दोन मिनिटांत चूक सापडली होती. ड्रमवाल्याने आईला विचारले, “मग केवढ्या चालीनं, आजी? दाखवा की.” तो तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. आईने मूठ फिरवली. दर फेऱ्याला तो गुडघ्यावर एक थाप देऊ लागला. मी दोघांच्या चपला सांभाळत उभा होतो. ते काम मला जमण्यासारखे होते.

परभणीचा शेवटचा कार्यक्रम मी मफलरवाचून ऐकला. मुलांनी एक अभंग त्या चालीने गायला. त्याला टाळ्या इतरांपेक्षा कमी पडल्या, हे खरे सांगितले पाहिजे. मागची काही पोरे तर मोबाइल काढून बसली. पण प्रत्येक शब्द ऐकू आला, आणि पुढच्या रांगेतल्या बायांच्या माना एका लयीत हलताना मी पाहिल्या.

जूनमध्ये ड्रमवाला पुण्याकडे चाकणला एका कारखान्यात लागला. इकडच्या पोरांची वाट ती. शेतीवर भागत नाही, आणि ड्रमवर तर नाहीच नाही. बेसवाला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसला. बँड मोडला असे कोणी म्हणत नाही; पण सरावाच्या खोलीचे भाडे थांबले आहे.

परवा स्नेहसंमेलनाच्या समितीची पहिली बैठक झाली. मी त्या मुलांच्या नावापुढे चाळीस मिनिटे लिहिली. एका सहकाऱ्याने विचारले, “मुले येणार आहेत का?” मी म्हणालो, “ड्रमवाल्याला रजा मिळाली तर.” संध्याकाळी तसा त्याला फोनही केला. तो म्हणाला, “सुपरवायझरला विचारतो, सर. पण आजी येणार असतील तर नक्की सांगा.”

आईला विचारले. ती जिन्याकडे पाहत म्हणाली, “त्याला म्हणावं, तू ये. मी खुंटा धरीन.”