वेसण, म्होरकी आणि सातवा अध्याय



दशलक्षणात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एकेक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी श्रावकाची व्रतं आणि त्यांचे अतिचार येतात. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार बहुतेकींना पाठ असतील: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि खाणंपिणं तोडणं. इथे वध म्हणजे जीव घेणं नव्हे, काठी-चाबकाने मारणं.

हे पाचही मला कायम गोठ्यातले वाटत आले आहेत. मुंबईत वाढलेल्या मैत्रिणींना तसे वाटणार नाहीत कदाचित, पण आम्ही सांगलीकडचे जैन पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. माझ्या माहेरी चार बैल होते. बेंदराला त्यांची शिंगं रंगवायची, अंगावर झूल घालायची, पुरणपोळी खाऊ घालायची. आणि त्याच गोठ्यात खोंड मोठा झाला की त्याचं नाक टोचून वेसण घालायची. चार माणसं त्याला आडवं पाडून धरत आणि नाकाच्या आतला पडदा दाभणाने आरपार टोचून त्यातून दोरी ओवत. आमची आज्जी त्या दिवशी दुपारपर्यंत जेवत नसे. विचारलं तर म्हणायची, "भूक नाही." पण बैल हवा तर वेसण हवीच, असं सगळ्या गावाला वाटे, तिलाही वाटत असावं. आपल्या भाषेतसुद्धा कुणाला आवरायचं म्हणजे 'वेसण घालायची'!

हे सगळं आठवायचं कारण मात्र अगदी लांबचं आहे. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या घराजवळ एका कुटुंबाने अल्पाका पाळले आहेत. अल्पाका आणि लामा हे दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागातले, उंटाच्या कुळातले प्राणी. अल्पाकाची लोकर वर्षातून एकदा कातरतात. भाची तिथे मदतीला जाऊ लागली आणि फोनवर तेच सांगू लागली. तिच्याकडूनच मला मार्टी मॅक्गी बेनेट या बाईंचं नाव कळलं. लामा-अल्पाकांना न झोंबता, न दुखवता कसं हाताळायचं, हे माणसांना शिकवणं हाच या बाईंचा आयुष्यभराचा व्यवसाय. गावोगावी वर्ग घ्यायचे, पुस्तकं लिहायची. लिंडा टेलिंग्टन-जोन्स या घोड्यांच्या जाणकार बाईंकडे त्या आधी शिकल्या, मग स्वतःची पद्धत बसवली. तिला त्या 'कॅमेलिडायनॅमिक्स' म्हणतात.

भाची सांगते ते ऐकून मी थक्क झाले. पूर्वी (आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी) अल्पाकाला कोपऱ्यात कोंडून, मानेला मिठी मारून धरत. जनावर घाबरून झटापट करी, माणूस आणखी घट्ट धरी. या बाई म्हणतात, आधी त्याला छोट्याशा आवारात आणा, पण तिथे त्याला बाजूने सरकायला वाट ठेवा. समोरून अंगावर जाऊ नका, डोळ्याच्या थोडं मागे उभे राहा. धरायचं तर डोकं हलक्या हाताने असं धरा की जनावर चारी पायांवर तोल सांभाळून उभं राहील. तोल गेला की भीती, आणि भीती आली की ओढाताण.

सगळ्यात जास्त मला पटलं ते म्होरकीबद्दल. हे प्राणी श्वास जवळजवळ फक्त नाकानेच घेतात. त्यांच्या नाकाचं हाड आखूड, त्यापुढे नुसती मऊ कूर्चा. म्होरकीचा पट्टा खाली घसरून त्या मऊ भागावर आला की श्वास कोंडतो आणि जनावर बिथरतं. लोक म्हणतात, हा लामा हट्टी आहे. तो हट्टी नसतो, गुदमरत असतो. म्हणून पट्टा वर, डोळ्यांच्या जवळ, हाडावर बसला पाहिजे आणि तरी चघळायला जबडा मोकळा हवा. एवढ्याशा मापावर जनावराचा अख्खा स्वभाव ठरतो!

आता आपल्याकडे. सांगलीत 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून काम करते आहे. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांवर येणाऱ्या बैलांवर उपचार करणं हे त्यांचं एक काम, आणि वेसण काढून म्होरकी घाला हे बैलवाल्यांना समजावणं हे दुसरं. कायदाही आपल्या समजुतीपेक्षा पुढे आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, आणि खिळ्याची पराणी वापरायची नाही. हे वाचताना मला सारखा तो सातवा अध्याय आठवत होता. मी बी.कॉम.; कायदा म्हटलं की कलमं मोजायची सवय. इथे सगळी कलमं ओळखीची निघाली.

आमच्या चंदनसारला अधूनमधून नंदीबैलवाला येतो. गुबुगुबु वाजलं की सोसायटीतल्या बायका पोळी, गूळ घेऊन खाली उतरतात. मीही उतरते. गेल्या खेपेला मी त्याला विचारलं, "दादा, वेसणीऐवजी म्होरकी घातली तर चालेल का याला?" तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "ताई, विरार फाट्यावर ट्रक अंगावर येतो तेव्हा हा बुजला तर मी कशाने आवरू?" प्रश्न खरा आहे. थोर झालेल्या, वेसणीवरच चाललेल्या बैलाची दोरी एका दिवसात बदलता येत नाही. लहानपणापासून म्होरकीवर शिकवावं लागतं, आणि आधी माणसाला शिकवावं लागतं. ते शिकवणारं कुणीतरी हवं.

म्हणून भाचीच्या मुलीबद्दल घरात जी कुजबूज चालली आहे ती मला पटत नाही. मुलगी म्हणते, मला जनावरं हाताळायला शिकायचंय आणि पुढे तेच शिकवायचंय. नातेवाईक म्हणतात, पशुवैद्य हो, निदान नावापुढे डॉक्टर लागेल. हे काय, जनावरांची शिकवणी! आपण जीवदयेच्या पेटीत दरवर्षी पैसे टाकतो, पांजरपोळाला चारा पाठवतो, ते चांगलंच आहे. पण अन्नपाननिरोध सोडला तर बाकीचे चार अतिचार चाऱ्याने टळत नाहीत. ते दोरी धरणाऱ्या हातात असतात, आणि हात शिकवावा लागतो. आपल्या घरातली एक मुलगी ते काम करायला निघाली आहे, तर तिला अडवायचं कशासाठी?

माहेरी आता भावाकडे दोनच बैल उरलेत, बाकी ट्रॅक्टर. नवा खोंड आला तेव्हा मी फोन करून म्हटलं, "आप्पा, याचं नाक टोचू नकोस." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आज्जी असती तर हेच म्हणाली असती." त्याने सांगलीत चौकशी केली, सुती पट्ट्याची म्होरकी आणली. सुरुवातीला खोंड ओढायचा, आप्पाच्या हाताला फोड आले, वहिनी माझ्यावर चिडली. आता तो नांगराला नाही, पण हलक्या गाडीला चालतो. परवा आप्पाचा फोन आला होता. खोंडाचं तोंड मोठं झालंय, म्होरकी जबड्याला घट्ट होतेय, पट्टा किती बोटं सैल ठेवायचा ते भाचीला विचारून सांग म्हणाला.