मावळतीची वेळ : वेल्हे ते कॅलिफोर्निया

वेल्हे गाव तोरण्याच्या पायथ्याशी वसले आहे. गडाची उंची १४०३ मीटर. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलला की तो तोरण्याच्या आड जातो आणि पंचांगातील सूर्यास्ताला अवकाश असतानाच गावावर सावली उतरते. या गावातील एका दुकानदाराच्या घरी सावली अंगणात आली की ताटे उचलली जात. त्या घरची मुलगी लग्न होऊन भोरला आली. सासरी मात्र भिंतीवर पुण्याचे सूर्योदय-सूर्यास्ताचे छापील कोष्टक टांगलेले असे. भोर आणि पुणे जवळजवळ एकाच रेखांशावर असल्याने त्यात एका मिनिटाचाही फरक पडत नसे. चौविहार दोन्ही घरी कसोशीने पाळला जाई. वाद होता तो वेळेचा. ती डोंगर पाहून पाणी सोडी, तो घड्याळ पाहून. “कोष्टकात अजून पाऊण तास आहे,” असे तो म्हणे. ती हसून उठे. असा त्यांचा चाळीस वर्षांचा संसार झाला.

यंदा मे महिन्यात मुलाकडे शिकागोला गेल्यावर या दांपत्याने प्रथमच दुकानाची चिंता बाजूला ठेवून सुट्टीचा प्रवास केला. १८९३च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली, ते हे शहर. उपनगरातील बार्टलेट येथील जिनालयाचे दर्शन घेऊन दोघे दुसऱ्या दिवशी युनियन स्टेशनवर आले. कॅलिफोर्निया झेफिर ही गाडी दुपारी दोन वाजता निघते आणि सुमारे ३९०० किलोमीटर अंतर दोन रात्रींत कापून सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या एमरीव्हिलला पोहोचते. डबे दुमजली, शयनकक्षाच्या तिकिटात जेवण समाविष्ट. परंतु तयार पदार्थांतून कांदा, लसूण, बटाटा वेगळा काढणे शक्य नव्हते. सुनेने दिलेले मेथीचे ठेपले पहिल्याच दिवशी संपवायचे, कारण दुसऱ्या दिवशी ते वासी होणार. पुढे खाकरे, छुंदा आणि फळे, असा बेत ठरला होता.

मिसिसिपी ओलांडून गाडी आयोवाच्या सपाट शेतांत शिरली. त्याने खिशातून शिकागोचे कोष्टक काढले. त्यात सूर्यास्त आठ वाजून दहा मिनिटांनी होता. बरोबर त्या वेळी दोघांनी पाणी सोडले. पण खिडकीबाहेर सूर्य मक्याच्या शेतांवर तसाच उभा! पश्चिमेकडे एक अंश सरकले की सूर्यास्त सुमारे चार मिनिटांनी लांबतो, आणि गाडी शिकागोपासून सहा अंश पुढे आली होती. कोष्टक खोटे नव्हते. ते मागे राहिलेल्या गावाचे होते. त्याने ते घडी घालून पिशवीत ठेवले, ते प्रवासात पुन्हा काढले नाही.

दुसऱ्या सकाळी डेन्व्हरनंतर रॉकी पर्वताचा चढ लागला. १९२८ साली खुल्या झालेल्या सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मोफॅट बोगद्यातून गाडी महाद्वीपाचा जलविभाजक ओलांडते. एका बाजूचे पाणी पूर्वेकडे, दुसऱ्या बाजूचे प्रशांत महासागराच्या दिशेने. भोरकरांना यात नवल वाटू नये. नीरेचे पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते, तर वरंधा घाट उतरताच महाडकडचे ओढे अरबी समुद्राची वाट धरतात.

सायंकाळी युटा राज्यातील हेल्पर हे स्थानक आले. पुढच्या चढासाठी गाड्यांना येथे जादा इंजिने जोडली जात. त्यावरूनच गावाला हे नाव पडले. कर्जतला मागून लावल्या जाणाऱ्या बँकर इंजिनांची त्याला आठवण झाली. त्या मार्गाला जग भोर घाट म्हणते, आणि भोर गावाला मात्र आजही रेल्वे नाही!

हेल्पर सोडताच गाडी अरुंद दरीत शिरली. साडेसात वाजले होते. दोन्ही बाजूंच्या कड्यांनी सूर्य झाकला. तिने उरलेला खाकरा डब्यात ठेवला, हात धुतले आणि पच्चक्खाण घेतले. त्याने मोबाईल पाहिला. सूर्यास्ताला अजून तासभर होता. तो काही बोलणार तोच कक्षातला दिवा लावावा लागला. दिवा लागेपर्यंत ताटात काय आहे ते दिसत नव्हते.

तेव्हा तिने प्रथमच माहेरची गोष्ट नीट सांगितली. तिच्या लहानपणी वेल्ह्याच्या घरात वीज नव्हती. तोरण्याची सावली आली की माजघर काळोखे होई. कंदील लावावा तर पाखरे झेपावत, न लावावा तर ताटातील किडा-मुंगी दिसत नसे. वडिलांनी पंचांग नाकारले नव्हते. पावसाळ्यात सूर्य दिवस दिवस दिसत नसे, तेव्हा तेही पंचांगच पाहत. पण ज्या जीवांना जपण्यासाठी हा नियम आहे, ते डोळ्यांना दिसेनासे झाले की जेवण थांबले पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब होता.

गाडी चढत सोल्जर समिट या खिंडीपाशी आली आणि कक्षात पुन्हा ऊन पसरले. सूर्य क्षितिजावर होता. नियमाने पाणी पिण्यास त्याला मोकळीक होती, बाटलीही हातातच होती. क्षणभर थांबून त्याने झाकण लावले आणि बाटली खाली ठेवली. दोघे मावळतीपर्यंत खिडकीपाशी बसून राहिले.

पुढे नेवाडाचे वाळवंट, सिएरा नेवाडाची बर्फाळ शिखरे, सॅक्रामेंटो असे करत तिसऱ्या दिवशी दुपारी प्रवास संपला. घड्याळ वाटेत दोनदा एकेक तास मागे करावे लागले होते.

दिवाळीत भाऊबीजेसाठी दोघे वेल्ह्याला गेले. घरी आता प्रत्येक खोलीत ट्यूबलाईट आहे आणि भिंतीवर पुण्याचे कोष्टक. पंगत बसली होती. अंगणात सावली उतरताच त्याने ताटावर हात आडवा धरला.

“दाजी, अजून पुष्कळ वेळ आहे,” मेहुणा कोष्टकाकडे बोट दाखवत म्हणाला.

“असू दे,” तो म्हणाला, “सूर्य डोंगराआड गेला.”

वाढायला आलेली ती भाताचे भांडे घेऊन तशीच आत वळली.