न चमकणारे डोळे

धाकट्या,

तुझा निरोप परवा रात्री मिळाला. फोटो पाहिला. दुकानाच्या फळीवर ओळीने उभ्या केलेल्या बंदुका, आणि खाली तुझा प्रश्न : ताई, पुढच्या हंगामाला यातली कोणती घेऊ? २७०, की तीस-शून्य-सहा, की शेजारचा म्हातारा देतोय ती जुनी थ्री नॉट थ्री?

पाच महिन्यांनी लिहिलंस आणि लिहिलंस ते बंदुकीबद्दल. धान कसं आहे, आईचे गुडघे कसे आहेत, काही नाही. आधी रागच आला. मग वाटलं, हा प्रश्न तू बाबांना विचारला असतास. ते नाहीत म्हणून मला विचारलास. त्यानंतर झोप लागली नाही.

बाबांनी आयुष्यात एकदा तरी बंदूक निवडली होती का रे? मला आठवत नाही. त्यांच्या वाट्याला भरमार आली, कारण कायद्याने शेतकऱ्यासाठी तीच ठरवून ठेवली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तसं लिहिलेलंच आहे : पीक राखायला हवी असेल तर तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मग टोपी बसवायची. एक बार, आणि पुन्हा तेवढाच खटाटोप. परतीच्या पावसात दारू सर्दावली की नुसताच फुस्स आवाज. तू हसायचास आणि बाबा तुझ्याकडे असे बघायचे की तुझं हसू अर्ध्यातच थांबायचं.

थ्री नॉट थ्रीवर तुझा जीव का बसलाय ते मला कळतं. लहानपणी पोलिसांच्या खांद्यावर आपण तीच पाहिली. पण गंमत बघ, ती फौजेची गोळी, म्हणून इथे साध्या माणसाला बंद. इंग्रजांनी ती बंद केली, तेव्हा बंदुका करणाऱ्यांनी हिंदुस्थानासाठी ३१५ बोरची रायफल पुढे आणली. घडण तीच, गोळी वेगळी. स्वातंत्र्यानंतर इच्छापूरच्या सरकारी कारखान्यानेही ३१५ बनवली, आणि आजही परवान्यावर लोक तीच मागतात. म्हणजे ही रायफल कुठल्या जनावरासाठी जन्मलीच नाही, ती एका नियमासाठी जन्मली. आणि तुझ्याकडे अल्बर्टात त्याच थ्री नॉट थ्रीने म्हातारे शेतकरी मूस मारतात! तुझ्या शेजाऱ्याची बंदूक त्याच्या बापाची असेल, नाही का?

तुझ्याकडचे नियम मी वाचून काढले. तू परवाना घेतलास, त्याआधी सुरक्षेचा वर्ग केलास, नव्या माणसाला किमान अठ्ठावीस दिवस थांबायला लावतात हेही कळलं. मोठ्या जनावरावर २३ कॅलिबरपेक्षा बारीक गोळी चालत नाही. मूससाठी चिठ्ठ्या निघतात, नंबर लागला तरच. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार काढायचा. रात्री नाही, उजेड टाकून नाही. आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवलं तर तो गुन्हा.

हे शेवटचं वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आपल्याकडे उलट आहे ना. २०१५ पासून राज्याने पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारायची वाट ठेवली आहे, पण वनखात्याची परवानगी घेऊन. आणि तसं मेलेलं जनावरही सरकारचं. तुकडाभर मांस घरी आणलं की आपण गुन्हेगार. तुझ्याकडे टाकून दिलं तर गुन्हा, माझ्याकडे उचललं तर गुन्हा. दोन्ही कायदे मला पटतात, धाकट्या. तुझ्याकडे जनावर मोजून माणसं सोडतात. इथे माणसं एवढी आणि रान एवढंसं, की मांसाची वाट उघडली तर डुकराच्या नावावर चितळ, सांबर सगळं जाईल. आजोबा साहेबांच्या हाक्याला जायचे, त्या काळात काय काय पडलं ते त्यांनीच सांगितलं होतं. ताडोब्यात शिकार १९३५ ला थांबली, बाकी रानात कितीतरी वर्षं चालूच राहिली. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावरही परवान्याच्या शिकारीची कलमं पुस्तकात होती, ती १९९१ ला निघाली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चितळाएवढ्या हरणापुरतीच बंदूक हवी असती तर २७० म्हटलं असतं. धक्का कमी, गोळी सरळ जाते. पण तू मूसचं नाव काढतोस. चारशे किलोंच्या पुढचं जनावर, आपल्या डुकराच्या कितीतरी पट. त्याला जड गोळी हवी, आत खोल जाणारी. म्हणून तीस-शून्य-सहा. त्यातला सहा म्हणजे १९०६ साल, शंभरावर वर्षं टिकलेली गोळी आहे ती, कुठल्याही गावच्या दुकानात मिळेल. पण तुझा उजवा खांदा? राखणीच्या माळ्यावरून पडलास तेव्हाचा? आधी कुणाची तरी घेऊन चांदमारीवर वीस बार काढ. दुसऱ्या दिवशी हात वर जात नसेल तर हट्ट करू नकोस, २७० घे आणि मूसचा नाद सोड. जखमी जनावर बर्फात शोधत फिरण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये. म्हाताऱ्याची बंदूक मात्र विकत घेऊ नकोस. त्याच्याबरोबर रानात जा. त्याला रान माहीत आहे, ते दुकानात मिळत नाही.

तुला ती रात्र आठवते? बोडीखालच्या बांधीतली. धान ओंबीवर होतं. तू दहा-अकरा वर्षांचा, हातात पाच सेलची बॅटरी. माझ्या मांडीवर छर्ऱ्यांची डबी. खाली चिखलात चपचप आवाज झाला आणि तू उजेड टाकलास. काळं काहीतरी धुऱ्याला लागून वाकलेलं. डोळे दिसेनात. "डुक्कर, बाबा, डुक्कर!" तू कुजबुजलास. चितळाचे, रोह्याचे, वाघाचे डोळे बॅटरीत पेटतात, डुकराचे पेटत नाहीत, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं होतं. बाबांनी घोडा चढवलेला. आणि ते थांबले. किती वेळ थांबले! मला वाटलं दारू ओली झाली. मग ते काळं सरळ उभं राहिलं आणि खोकललं. पलीकडच्या वावरातले काका, सुटलेला बैल शोधत आलेले.

बाबांनी टोपी काढली, बंदूक आडवी ठेवली, आणि आपल्याला माळ्यावरून खाली उतरवलं. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. अंगणात पाय धुताना म्हणाले, "माणसाचेही डोळे चमकत नाहीत."

तेवढंच. पण त्यानंतर त्यांनी जनावरावर बार काढलेला मी पाहिला नाही, तू पाहिलास? चमकले तर कायद्याने हात लावायचा नाही. नाही चमकले तर माणूस असेल. मग उरलं काय? आभाळ. कितीतरी वर्षं ते आभाळात बार काढत होते. लोक म्हणायचे, यांची दारू फुकट जाते. आज कळतं, ती फुकट गेली म्हणून आपण त्या काकांच्या नातवाच्या लग्नात जेवलो.

म्हणून तुला विचारते, तुझ्याकडे उजाडल्याशिवाय बार काढत नाहीत हे बंधन तुला जाचक वाटतं का? तुझ्या निरोपात तसा सूर होता. मला तर हेवा वाटला. आपलं जनावर रात्रीच येतं रे, आणि माणूसही रात्रीच वावरात असतो. आता लोक जागलीचा कंटाळा करून उघड्या तारेत करंट सोडतात. त्यात डुक्कर मरतं, वाघही मरतो, आणि पहाटे पाणी धरायला गेलेला माणूसही मरतो. तार थांबून बघत नाही.

तुझ्यावर रागावले आहे, पण हेही सांगते : तू पैसे पाठवलेस त्यातून बसवलेलं झटका मशीन चांगलं चाललंय. सौर पाटी माळ्याच्या खांबालाच ठोकली. डुक्कर नाकाने तार हुंगतं आणि किंचाळत पळतं, मरत नाही. या वर्षी बोडीकडची बांधी जवळजवळ शाबूत आहे. बाबा असते तर रोज संध्याकाळी तार तपासत फिरले असते. तू तेराव्याला आला नाहीस, ते मी विसरले नाही. पण मशीन आलं त्या दिवशी मी तुझ्या नावाने नारळ फोडला.

आता मूळ काम. बाबांची भरमार ते गेल्यापासून ठाण्यात जमा आहे. वारसाच्या नावे परवाना मागता येतो, पण बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, म्हणजे आईची आणि तुझी. शिवाय २०२१ ला कन्हाळगाव अभयारण्य झालं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा बंदूक परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती आधी लागते, असं वन्यजीव कायद्यातच आहे. वर्धा आणि वैनगंगेच्या बेचक्यात आपला तालुका, नदीपलीकडे पुन्हा चपराळ्याचं अभयारण्य. त्या बाजूच्या गावांतून तर लोक आपण होऊन भरमार बंदुका पोलिसांकडे जमा करताहेत. कागद पुढे सरकेल की नाही, सांगता येत नाही. सरकलाच, तर मी ती घेऊन काय करणार? आभाळात बार? ते काम झटका मशीन करतंच आहे.

तरी सोडवत नाही. दस्त्यावर बाबांच्या अंगठ्याने पडलेला खळगा तू पाहिला आहेस.

दोन कागद पाठवते आहे. एकात तुझी हरकत नाही म्हणून परवाना माझ्या नावे मागायचा आहे. दुसऱ्यात आपण तिघं मिळून बंदूक सरकारला कायमची देतो असं आहे. आईने दोन्हींवर अंगठा दिला आणि म्हणाली, धाकट्याला ठरवू दे, बॅटरी त्याच्या हातात होती. एकावर सही कर, दुसरा फाडून टाक. दिवाळी होऊन गेली, कापणी तोंडावर आहे, त्याआधी पोचेल असं बघ.

आणि खांद्याचं कळव.

तुझी,
ताई