निशाचरांची वहिवाट

भुताखेतांच्या बाबतीत आमचे कोकण स्वयंपूर्ण आहे. आडरानातला चकवा, डोहातला गिऱ्हा, पिंपळावरचा मुंजा, वाट अडवणारा समंध आणि शिवेवर रात्रभर गस्त घालणारा देवचार यांची हजेरी घेऊ म्हटले तर स्वतंत्र रजिस्टर घालावे लागेल. आणि वेंगुर्ल्याकडील आरवलीच्या वेतोबाला तर भाविक भल्या थोरल्या चामडी चपला अर्पण करतात, कारण त्या पायी घालून तो रात्री गावाची फेरी करतो आणि त्या झिजतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. (आमच्या संगमेश्वर तालुक्यातही एक आरवली आहे, परंतु तिची ख्याती गरम पाण्याच्या कुंडांमुळे; दोहोंची गल्लत होऊ नये.) असे असताना, शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमाकाठी राहणाऱ्या, महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या गृहस्थाने दूरदर्शन-मालिकेतल्या एका रक्तपिपासू परक्याच्या नादी का लागावे, हा प्रश्न आमच्या घरी पुष्कळदा विचारला गेला आहे.

माझे उत्तर असे की आमची भुते ही हुद्देदार भुते आहेत. प्रत्येकाची हद्द ठरलेली, भूक ठरलेली, आणि नारळ, लिंबू, कोंबडा यांपैकी काय दिले असता तो वाट सोडील याचाही जाबता ठरलेला. व्हॅम्पायर तसा नव्हे. तो शतकानुशतके जगतो, ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्याच मानेकडे त्याची दृष्टी वळते, आणि आपण कोण आहोत याची त्याला लाज वाटते. ज्याला उतारा आहे त्याचे प्रकरण एका रात्रीत निकालात निघते. ज्याला उतारा नाही त्याच्याविषयी माणसे एकमेकांशी बोलत राहतात.

हे बोलणे मी प्रथम ऐकले ते माझ्या कन्येच्या खोलीतून. ती देवरुखच्या महाविद्यालयात शिकत होती, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये स्टार वन वाहिनीवर ‘प्यार की ये एक कहानी’ ही हिंदी मालिका सुरू झाली होती. ‘ट्वायलाइट’ची छाया तिच्यावर स्पष्ट होती, विवियन डिसेनाने साकारलेला अभय रायचंद हा व्हॅम्पायर आणि सुकिर्ती कांडपालची पिया, या दोघांच्या नावांची संधी करून चाहत्यांनी ‘अभिया’ असे नावच पाडले होते. वीज गेली की मालिकेचा अर्धा भाग अंधारात जाई, आणि मग तो अर्धा भाग कोणी लखनौची, कोणी नागपूरची, कोणी दुबईतली मुलगी इंटरनेटवरून सविस्तर लिहून कळवी: कोण दारात उभा राहिला, कोणाचे डोळे कसे झाले, आणि तिच्या मते ते तसे का व्हावयास नको होते. प्रत्यक्ष भागापेक्षा ती कैफियत अधिक रसाळ असे, हे मी लवकरच ताडले. आणि कन्या सासरी गेल्यावर त्या मंडळातली तिची जागा वारसाहक्काने माझ्याकडे आली. खेड्यापाड्यांत कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, तेच संबोधन माझ्या निम्म्या वयाच्या या मुलींनी मला बहाल केले.

डिसेंबर २०११ मध्ये मालिका संपली, आणि त्याच महिन्यात वाहिनीही मिटून तिच्या जागी ‘लाइफ ओके’ आली. म्हणजे रोपटे गेले आणि कुंडीही गेली. पण मंडळाचे खरे कामकाज त्यानंतरच सुरू झाले. ज्यांना शेवट मान्य नव्हता त्यांनी नवे शेवट लिहिले. ज्यांना मान्य होता त्यांनी पुढची पिढी जन्माला घातली. एकीने तर अभयच्या मागील तीन शतकांचा रोजनामा तयार केला, आणि त्यातल्या तारखा एकमेकींशी जुळतात की नाही हे तपासण्याचे काम, माझा पूर्वानुभव पाहून, माझ्याकडे सोपवले. मी ते दप्तर अद्याप सांभाळतो. त्यात सुमार लिखाण पुष्कळ आहे, हे निक्षून सांगितले पाहिजे; मूर्च्छा, अश्रू आणि पौर्णिमा यांचा अतिरेक आहे. परंतु एखादी कथा अशी निघते की तिच्यातला रक्तपिपासू गृहस्थ आपल्या आळीत भाड्याने राहत असावा, असा भास होतो.

ही कथा आहे कोणाची, हा वाद मंडळात अधूनमधून उपस्थित होतो, आणि तेथे मात्र माझ्या कोकणी रक्तातला जमीनमहसूल जागा होतो. आमचा हा मुलूख खोतीचा. कागदावर गाव खोताचे असे आणि उन्हापावसात ते कसणारे कूळ निराळे असे. १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा येईपर्यंत कितीक घराण्यांच्या पिढ्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत नांगर धरून गेल्या. मालिकेचा सातबारा निर्मात्याच्या नावावर आहे, हे निर्विवाद. पण निर्मात्याने पडीक टाकलेली ती जमीन इतकी वर्षे कोण कसते आहे, हे तलाठ्यानेही विचारावयास हवे की नको?

या बाबतीत एल. जे. स्मिथ या अमेरिकन लेखिकेची हकीकत मला विलक्षण वाटते. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ ही कादंबरीमाला तिने १९९१ मध्ये लिहावयास घेतली, परंतु करार असा होता की पुस्तकांची मालकी ती लिहवून घेणाऱ्या कंपनीकडे राहावी. २००९ पासून त्यावर मालिका निघाली, ती २०१७ पर्यंत चालली, जगभर तिचे वेड पसरले, आणि मध्येच, २०११ मध्ये, कंपनीने लेखिकेलाच दूर करून पुढची पुस्तके दुसऱ्याकडून लिहवून घेतली. त्यानंतर २०१३ मध्ये अॅमेझॉनने चाहत्यांना याच पात्रांवर रीतसर परवान्याने कथा लिहून विकण्याची सोय केली, तेव्हा पुढच्याच वर्षी त्या दाराने, इतर चाहत्यांच्या रांगेतून, स्मिथबाई आपल्याच पात्रांकडे परत आल्या. जिने ते शेत प्रथम नांगरले, तीच त्यात कूळ म्हणून उतरली. मी ही हकीकत मंडळात कथन केली त्या रात्री लखनौची मुलगी, जी एरवी प्रत्येक वाक्यापुढे हसरे चेहरे पेरते, तिने नुसते “भाऊसाहेब,” एवढेच लिहिले.

पडद्यावरची गोष्ट प्रेक्षकांनी आपली करून घेण्याचा अनुभव आपल्या मराठीतही आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, आणि तिचे चित्रीकरण जेथे झाले तो सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, जो तोवर एक सामान्य कोकणी वाडा होता, तो क्षेत्रस्थान बनला. जॉर्जिया राज्यातल्या कव्हिंग्टन गावात ‘व्हॅम्पायर डायरीज’चे चाहते चौक आणि घड्याळाचा मनोरा पाहात हिंडतात, तशी माणसे गाड्या भरभरून मालिकेतल्या अण्णा नाईकांचे अंगण पाहावयास येऊ लागली. मालिका अंधश्रद्धा वाढवते असा आक्षेप घेतला गेला. त्यात तथ्यांश नव्हता असे मी म्हणणार नाही. तथापि चाहत्यांच्या गप्पांत मला भय फारसे आढळले नाही. तेथे घराण्याच्या वाटण्या होत्या, माईच्या सोसण्याची चर्चा होती, आणि तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर शेवंता म्हणून आल्या तेव्हा तर खरी शेवंता कोणती यावर असे तट पडले की एखाद्या दत्तकाच्या खटल्यात पडावेत. शिमग्यात आमच्याकडे खेळे नाचतात तेव्हा काळ्या वेशातल्या संकासुराला पाहून पोरे पळतात आणि मोठी माणसे त्याच्याशी मोठ्याने थट्टा करतात. पडद्यावरच्या भुताशी तसे बोलता येत नाही, ते बोलणे मग एकमेकांशी करावे लागते.

सध्या मंडळापुढे एक नवे प्रकरण प्रलंबित आहे. दुबईच्या मुलीने, मला खूश करण्याच्या हेतूने असावे, अभयला कोकण रेल्वेने संगमेश्वर रोड स्थानकावर उतरवले आहे आणि ऐन शिमग्यात कसब्याला कर्णेश्वराच्या देवळाकडे धाडले आहे. मी लेखी हरकत नोंदवली. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने घालून दिलेला दंडक असा की ड्रॅक्युलाच्या जातीला वाहते पाणी ओलांडावयाचे तर ते भरतीच्या जोरावर किंवा पाणी थबकलेले असतानाच. आणि आमच्याकडे दोन नद्या आडव्या पडल्या आहेत. लखनौहून ताबडतोब जबाब आला की अभयच्या मालिकेत असा नियम नाही, सबब तो लागू करता येणार नाही. नागपूरकरणीने मध्यम मार्ग सुचवला: एके काळी समुद्रातून मोठी गलबते शास्त्रीच्या खाडीने थेट संगमेश्वरापर्यंत येत असत, तेव्हा अभयचे हे पहिले आगमन नसून दुसरे मानावे, आणि पहिल्या खेपेला तो भरतीबरोबर गलबतातून आला असे लिहावे. सूचना मला पसंत पडली. मात्र गलबत भांगाच्या पाण्यात एवढे आत येणार नाही, उधाण हवे, म्हणून तिथी अमावास्या किंवा पौर्णिमा धरावी. आणि पौर्णिमा आधीच फार झाल्या आहेत, तेव्हा अमावास्याच धरावी, असा शेरा मारून मी कागद दुबईला परत पाठवला आहे.