ऐब सांगून विकलेला माल

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. "सर, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप लागणार, कोणता घेऊ?" मी रिफर्बिश्ड म्हटले की पलीकडे शांतता पसरते. मग हळूच विचारतात, "म्हणजे जुनाच ना? लोक काय म्हणतील?" आणि मग लोकांसाठी नवा लॅपटॉप हप्त्यांवर घरात येतो. व्याज हराम आहे असे ज्या घरात मुलांना शिकवले जाते, त्याच घरातून दर महिन्याला व्याज जाते. जुनी वस्तू वापरण्याची लाज वाटते, व्याजाची वाटत नाही, याचे मला नवल वाटते.

रिफर्बिश्ड म्हणजे नुसते जुने नव्हे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी बदलतात. ते तपासून, लागेल तिथे बॅटरी किंवा एसएसडी बदलून, काही महिन्यांच्या वॉरंटीसह पुन्हा विकले जातात. कॉलेजच्या अभ्यासाला असे यंत्र सहज पुरते आणि किंमत नव्यापेक्षा बरीच कमी पडते.

मात्र हा सगळा व्यवहार एका गोष्टीवर उभा आहे: ऐब सांगण्यावर. हा शब्द उर्दूत आहे तसाच मराठीतही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला सुनावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. लपवलेला दोष नंतर उघडकीला आला तर माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये ग्राहकाला आहे. त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात.

म्हणून घेताना ढिगात हात घालून पाहावे. बॅटरी किती उरली आहे, काय बदलले आहे, हे विचारावे. वॉरंटी आणि माल परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच लॅपटॉप घ्यावा. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. मोबाइल असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि सरकारच्या 'संचार साथी'वर तपासावा. चोरीचा फोन कितीही स्वस्त मिळाला तरी तो आपल्याला हलाल नाही.

आपल्या समाजातली कितीतरी मुले मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांच्या हातात कसब आहे. बिलावर त्यांनी स्वतःहून एक ओळ लिहावी: 'स्क्रीन बदललेली, बॅटरी मूळ, कोपऱ्यावर ओरखडा.' त्या ओळीमुळे एखादे गिऱ्हाईक परत जाईल. पण जे थांबेल, ते पुढच्या वेळी भावाला घेऊन येईल. आणि पालकांनी एवढेच करावे: वाचलेल्या पैशांतून मुलीची पुस्तके आणि फी भागवावी. लोक काय म्हणतात ते चार दिवस टिकते, हप्ता मात्र दोन वर्षे चालतो.